आसरा आणि दार : मुंबईच्या आखातातील बेटे व मराठी आरमार (इ. स. १६५७ ते १७८२)

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे नृसिंहाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित असलेले गाव साधारण एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. तेथून पश्चिमेकडे सरळ रेषा ओढीत गेल्यास ती सुमारे चारशे किलोमीटरांनंतर सह्याद्री उतरून मुंबईच्या आखाताच्या पाण्याला मिळते. पोखर्णीच्या शिवारात पडणारा पाऊस मात्र उलट दिशेने जातो. तो गोदावरीला मिळून पूर्व समुद्र गाठतो. मराठवाड्यातील इतिहासलेखनानेही बहुधा नदीचीच दिशा पत्करली आहे. सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, बहमनी, निजामशाही असा आपला प्रवास किल्ल्यांवरून आणि राजधान्यांवरून होतो. समुद्र त्यात येतोच कधी, तर 'व्यापारी संबंध' या एका परिच्छेदापुरता. वास्तविक पठारावर राज्य करणाऱ्या प्रत्येक सत्तेला घाट उतरून एका विशिष्ट पाण्यापर्यंत पोहोचावे लागले आणि तेथे गेल्यावर तिला एकाच अडचणीशी झुंजावे लागले. त्या अडचणीचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुंबईचे आखात हे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत सुरक्षित नैसर्गिक बंदर होय, हे विधान भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत कायमचे झाले आहे. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. आतल्या पाण्याचा आसरा कोणाला मिळावयाचा हे वाऱ्यालाटांबरोबर आखाताच्या तोंडाशी असलेली बेटे कोणाच्या ताब्यात आहेत यावरही ठरत असे. आत असलेल्याला दार आपले नसेल, तर आसऱ्याचा तुरुंग होतो. सतराव्या शतकात मराठ्यांना याचाच अनुभव आला. खांदेरीचे प्रकरण त्या अनुभवातून घडले, असे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

आखातात शिरणे

शिडाचे गलबत या पाण्यात कसे येत असे हे समजून घेतल्याशिवाय पुढील राजकारण उलगडत नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दक्षिणेकडून, चौलच्या बाजूने येणाऱ्या तांडेलाला प्रथम किनाऱ्यामागचा कनकेश्वराचा डोंगर दिसतो. मग समुद्रात उजव्या हाताला दोन बेटे लागतात. किनाऱ्याजवळचे लहान बेट उंदेरी. त्याच्या बाहेरचे, दोन उंचवट्यांचे, थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरांवरचे बेट खांदेरी. ही बेटे मागे पडली की पूर्वेला क्षितिजावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका उभा राहतो. कित्येक शतके खलाशांनी तो खुणेचा दगड मानला. आखाताचे तोंड नैर्ऋत्येकडे उघडते. एका बाजूस कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात शिरलेला खडक, दुसऱ्या बाजूस थळचा खडक, आणि दोहोंमध्ये साडेनऊ किलोमीटरांच्या आसपास रुंदीचे पाणी. नकाशावर हे तोंड ऐसपैस दिसते. प्रत्यक्षात बुडीत खडक आणि उथळ जागा वगळल्या तर मोठ्या जहाजाला जाण्याजोगा मार्ग त्याहून पुष्कळ अरुंद आहे.

तोंडातून आत आल्यावर सुमारे चारशे चौरस किलोमीटरांचे पाणी पसरलेले आढळते. पश्चिमेस मुंबईचे बेट, उत्तरेस साष्टी आणि तुर्भ्याची टेकडी, पूर्वेस कोकणची मुख्य भूमी. मध्ये घारापुरी, तिच्या अलीकडे बुचर बेट (आजचे जवाहर द्वीप), दक्षिणेला करंजा म्हणजेच उरणचे बेट, त्याच्या उत्तरेला न्हावा आणि शेवा. पैकी पुष्कळशी आज भरावामुळे बेटे राहिलेली नाहीत. सतराव्या शतकात त्या प्रत्येकाभोवती पाणी होते. आखाताला मिळणाऱ्या खाड्या हे त्याचे दुसरे वैशिष्ट्य. दक्षिणेला धरमतरची खाडी अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत जाते. पूर्वेला पनवेलची खाडी आहे. उत्तरेला ठाण्याची खाडी अरुंद होत होत ठाण्यापाशी उल्हास नदीला मिळते. तेथून वर गेल्यास कल्याण, खाली गेल्यास वसई आणि पुन्हा खुला समुद्र.

या पाण्यात होडी चालते ती वाऱ्याइतकीच भरती-ओहोटीवर. उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी साडेतीन-चार मीटरांनी वरखाली होते. भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळ कमी असतो. भरती लागली की मचवे आणि पडाव पनवेल, नागोठणे, ठाणे या दिशांना पाण्याबरोबर वर चढत. ओहोटीबरोबर माल घेऊन परतत. ठाण्यापाशीची खडकाळ, चिंचोळी जागा भरतीवाचून ओलांडता येत नसे. हंगामात, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर वैशाखापर्यंत, दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि रात्री-पहाटे जमिनीकडून मतलई सुटते. मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारच्या वाऱ्यावर आत यावे, हा कोळ्याभंडाऱ्यांचा नित्याचा क्रम. हा साधा क्रम पुढे एका लढाईत निर्णायक ठरणार होता.

पावसाळ्याचा हिशेब निराळा. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा थेट आखाताच्या तोंडात घुसतो. घारापुरीच्या आडोशाला किंवा माझगावपाशी पाणी त्या मानाने शांत राहते. तोंडाशी मात्र ते उसळते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिला खुल्या समुद्रात जावयाचेच नव्हते. आखाताचा आसरा नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची ही विदारक नोंद आहे. सांगावयाचे ते इतकेच, की पावसाळ्याचे चार महिने आतल्या शांत पाण्यात जहाजे ठेवण्याची मुभा ही शिडाच्या युगात आरमाराच्या जीवनमरणाची बाब होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीची जागा कशी निवडावी याचा वेगळा विचार केलेला आहे, तो उगाच नव्हे.

पठारावरील सत्ता आणि हे पाणी

या पाण्यावरील नियंत्रणाचा पहिला लेखी पुरावा एका ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात, 'पेरिप्लस'मध्ये, मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हा लेखक पैठण आणि तेर ही दोन्ही नगरे जाणतो. तेरचे कापड आणि पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांतून भडोचला जातात, असे तो सांगतो. म्हणजे गोदाखोऱ्यातला माल जवळचे बंदर सोडून उत्तरेकडे दूर जात होता. याचे कारण त्याच वृत्तांतात सापडते. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते; पुढे सत्ता बदलली आणि त्याची कोंडी झाली. चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचा इतिहास आपण नाशिकच्या शिलालेखांवरून शिकवितो. तोच संघर्ष खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या रूपानेही पाहता येतो. घारापुरीवर मोराबंदर परिसरात रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत; त्यावरून आखातात परदेशी माल येत होता याबद्दल शंका उरत नाही. बेटावरील तिन्ही वस्त्यांची नावे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी आहेत, ही गोष्टही बोलकी आहे.

पुढे इ. स. ६३४च्या ऐहोळे प्रशस्तीत चालुक्य दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी 'पुरी' जिंकल्याचे वर्णन येते. ही पुरी म्हणजे घारापुरी की दंडा-राजपुरी, यावर विद्वानांत एकमत नाही. प्रस्तुत विवेचनापुरते एवढे पुरे, की दोन्ही स्थळे आडोशाच्या पाण्यातील बेटांशी निगडित आहेत.

यादवांचा प्रसंग मात्र मराठवाड्यातील अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यावा असा आहे. देवगिरीच्या महादेव यादवाने तेराव्या शतकाच्या सातव्या दशकात उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला. हेमाद्रीच्या राजप्रशस्तीनुसार सोमेश्वराला जमिनीवर यादवांच्या हत्तींपुढे टिकता आले नाही. तो समुद्रावर गेला आणि तेथेच बुडाला. बोरिवलीजवळील एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग कोरलेली आहे. काही अभ्यासक ती या युद्धाशी जोडतात. इतरांना ते वीरगळ त्याहून जुने वाटतात. काहीही असले, तरी हत्तींच्या बळावर घाट उतरलेल्या सत्तेला अखेरचा निकाल पाण्यावरच लावावा लागला, हे प्रशस्तिकारानेही नाकारलेले नाही. यादवांनी ठाणे मिळविले. देवगिरीत आरमाराची परंपरा मात्र निर्माण झाली नाही. महादेवानंतर अर्धे शतकही त्या राज्याला लाभले नाही, हे लक्षात घेता त्याबद्दल त्यांना फार दोष देणेही बरोबर नाही.

आत कोंडलेली गलबते

इ. स. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या अमलाखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून ठाणे, साष्टी, मुंबई आणि करंजा ही सारी पोर्तुगीजांकडे होती. पूर्वेकडील कल्याण, भिवंडी, पनवेल हा मुलूख आधी निजामशाहीकडे आणि नंतर आदिलशाहीकडे राहिला. आखाताच्या खाड्यांची डोकी एकाकडे आणि गळा दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा ही विभागणी त्यांच्या वाट्याला आली. जहाजे बांधण्यास लागणारे सागवान, कारागीर आणि खाडीचा आसरा, सर्व काही तेथे होते. काम सुरूही झाले. १६५९च्या ऑगस्टमध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेल्या पत्रात, शहाजीच्या एका मुलाने वसई-चौलकडील मुलूख घेऊन भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ गलबते बांधली असून, ती समुद्रात येऊ देऊ नयेत असा हुकूम आपल्या कप्तानाला दिल्याचे कळविलेले आहे. मराठी आरमाराच्या जन्माची वार्ता त्याला बाहेर पडू न देण्याच्या हुकुमासोबत येते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे वाटते. पोर्तुगीजांना त्यासाठी लढाई करण्याची गरजही नव्हती. कल्याणच्या गलबताला बाहेर पडावयाचे तर ते एक तर वसईवरून जाणार, नाही तर ठाण्यावरून. पनवेलच्या गलबताला न्हावा-करंजाच्या शेजारून जावे लागणार. वाटेवरच्या बेटांवर चौकी असली की पुरे. पां. स. पिसुर्लेंकर यांनी पोर्तुगीज दफ्तरातून उजेडात आणलेल्या साधनांनी हा पैलू स्पष्ट केला आहे.

हीच अडचण लवकरच इंग्रजांनाही जाणवली, ही त्या काळातली गमतीची गोष्ट. १६६१च्या विवाह-तहात पोर्तुगालने 'मुंबईचे बंदर व बेट' इंग्लंडच्या राजाला दिले. १६६२च्या सप्टेंबरमध्ये अर्ल ऑफ मार्लबरोचे आरमार ताबा घेण्यास आले, तेव्हा 'बंदर' या शब्दात काय काय येते यावरून वाद उभा राहिला. इंग्रजांच्या मते साष्टी-ठाण्यासह आखाताचा परिसर. पोर्तुगीजांच्या मते केवळ मुंबईचे बेट. अब्राहम शिपमनची तुकडी अंजदीव बेटावर खितपत पडली. शिपमन आणि त्याचे बहुसंख्य सैनिक तेथेच मेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुकने पोर्तुगीजांच्या अटींवर मुंबईचा ताबा घेतला. १६६८ मध्ये राजाने ते बेट वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीला दिले. दहा पौंडांची गोष्ट सर्व पाठ्यपुस्तकांत असते. मुंबईहून मुख्य भूमीकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज ठाणे आणि करंजा येथे जकात घेत आणि कंपनीचे अधिकारी त्याविरुद्ध पुढे कित्येक वर्षे तक्रारी करीत राहिले, हे क्वचितच सांगितले जाते. बंदर हाती असूनही बंदरातून हिंडण्याची मोकळीक नाही, अशी ती स्थिती होती.

सिद्दीची छावणी

जंजिऱ्याचे सिद्दी १६७० नंतर मोगलांचे आरमारप्रमुख झाले. मोगल खजिन्यातून त्यांना सुरतेत पैसा मिळे. हंगामात ते मराठ्यांचा किनारा लुटीत. प्रश्न पावसाळ्याचा होता. जंजिरा मराठ्यांच्या दडपणाखाली असल्यामुळे मोठे आरमार सुरक्षितपणे ठेवण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे मुंबईचे आखात. १६७२ पासून सिद्दीची जहाजे वारंवार मुंबईत येऊ लागली. माझगाव हे त्यांचे ठिकाण बनले.

इंग्रजांची अडचण खरी होती. सिद्दीला नकार द्यावा तर सुरतेचा मोगल सुभेदार रुष्ट होणार आणि कंपनीचा सारा व्यापार सुरतेवर अवलंबून. होकार द्यावा तर शिवाजी महाराज रुष्ट होणार. मुंबईचे धान्य, गुरे आणि सरपण तर पलीकडच्या मराठी मुलुखातून मचव्यांनी येई. १६७४च्या जूनमध्ये राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता आणि तहाची कलमे ठरत होती, त्या काळातही सिद्दीच्या आसऱ्याचा प्रश्न लोंबकळत होता. इंग्रज आपली तटस्थता सांगत. त्या तटस्थतेचा अर्थ मात्र आखाताच्या पूर्व किनाऱ्यावरील गावांना वेगळा भासत असला पाहिजे. १६७३च्या ऑक्टोबरमध्ये सिद्दीने मुंबई बंदरातून निघून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरून मराठ्यांची गावे उद्ध्वस्त केली. एका किनाऱ्यावर पाहुणा म्हणून राहणारा समोरच्या किनाऱ्यावर भरतीबरोबर दरोडा घालीत होता आणि ओहोटीबरोबर पुन्हा पाहुणा होत होता.

१६७८च्या पावसाळ्यात यावर थेट उपाय करण्याचा प्रयत्न झाला. माझगावला नांगरलेले सिद्दीचे आरमार जाळण्यासाठी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पनवेलला पाठविण्यात आले. इंग्रजी नोंदींत त्यांच्या फौजेची संख्या चार हजार सांगितली आहे. समोर सात-आठ कोसांवर शत्रूची जहाजे दिसत होती. पण भर पावसाळ्यात एवढी माणसे पलीकडे उतरविण्याइतक्या होड्या मिळाल्या नाहीत आणि फौज परतली. हा प्रसंग बहुधा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते खांदेरीची खरी प्रस्तावना हीच आहे. आखाताच्या आत शिरून प्रश्न सुटत नाही हे पनवेलला सिद्ध झाले. मग उरले ते आखाताचे तोंड.

खांदेरी, १६७९

खांदेरीवर किल्ला बांधण्याचा विचार महाराजांनी १६७२ मध्येच केला होता. इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे तो तेव्हा राहिला. १६७९च्या ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळा पुरता सरण्यापूर्वी, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि मोजक्या तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. वेळेची निवड लक्षणीय आहे. मोठी जहाजे समुद्रात येण्यापूर्वी, लहान होड्यांना जेमतेम जाता येईल अशा दिवसांत ही माणसे बेटावर पोहोचली.

मुंबईत खळबळ उडाली. बेट आमचे आहे, असा दावा इंग्रजांनी केला. सप्टेंबरच्या आरंभी त्यांनी काही शिबाडे पाठवून बेट सोडण्यास फर्मावले. धन्याच्या हुकुमावाचून हलणार नाही, असे उत्तर आले. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. तो त्या वेळी दारूच्या अमलाखाली होता, असे इंग्रजी साधनेच म्हणतात. त्यानंतर 'रिव्हेंज' ही फ्रिगेट आणि तिच्यासोबत गुराबा, शिबाडे व मचवे यांचा लहानसा काफिला कप्तान मिंचिन आणि रिचर्ड केग्विन यांच्या हाताखाली बेटाभोवती नांगरून राहिला.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचे आरमार किनाऱ्याच्या आश्रयातून निघून या काफिल्यावर आले. इंग्रजी नोंदींत मराठ्यांच्या गलबतांची संख्या चाळीस ते साठ अशी येते. 'डोव्हर' ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. एकट्या 'रिव्हेंज'ने तोफांच्या बळावर टिकाव धरला आणि मराठी गलबते नागोठण्याच्या खाडीकडे मागे सरली. समोरासमोरच्या लढाईत मोठ्या तोफांपुढे मराठी गलबतांचा निभाव लागत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडील काही लेखनात हा दिवस निर्भेळ विजयाचा म्हणून रंगविला जातो. साधने तितके सांगत नाहीत.

परंतु वेढ्याचा निकाल त्या लढाईने लागला नाही. तो लागला रात्रींनी. अंधार पडला की थळच्या बाजूने लहान होड्या निघत आणि दगड, चुना, धान्य, दारूगोळा घेऊन खांदेरीला लागत. मतलई त्यांच्या पाठीशी असे. ती नसेल तेव्हा वल्ही होती. वारा पडला की 'रिव्हेंज' जागच्या जागी डुलत राही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात ती शिरू शकत नसे. होड्या दिसत, पण गाठता येत नसत, अशी तक्रार इंग्रजी पत्रांत पुन्हा पुन्हा येते. 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या १९३१ च्या संग्रहात ही पत्रे सलग वाचावीत, म्हणजे पाठविणाऱ्याचा वैताग ओळीओळीत जाणवतो. तट रोज थोडा थोडा उंच होत गेला. किनाऱ्यापासून बेटापर्यंतचे ते चार-पाच किलोमीटर पाणी ज्यांच्या अंगवळणी पडले होते, त्या कोळी-भंडारी नाखव्यांची नावे एका मायनाकापलीकडे बहुधा लुप्त झाली आहेत.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. त्याने खांदेरीवर तोफा डागल्या. इंग्रजांना लवकरच नवी चिंता लागली. खांदेरी मराठ्यांकडून जाऊन सिद्दीकडे गेली, तर काय मिळविले? १६८०च्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी ताब्यात घेऊन तेथे आपला किल्ला उभारावयास घेतला आणि समोरासमोरच्या दोन बेटांवरून तोफा सुरू झाल्या. इंग्रजांनी आपली जहाजे काढून घेतली. मार्चमध्ये मराठ्यांशी जो समझोता झाला, त्यात सिद्दीच्या आरमाराचा मुंबईतील पावसाळी मुक्काम हा कळीचा विषय होता. जी गोष्ट पनवेलला जमलेल्या चार हजारांना साधली नाही ती खांदेरीवरच्या दीडशेंनी निदान कागदावर साधली. कागदावरच म्हणावयाचे, कारण पुढेही सिद्दी येतच राहिला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. संभाजी महाराजांना याच प्रश्नावर इंग्रजांशी नव्याने झगडावे लागले. सिद्दीला वेळोवेळी आसरा देणाऱ्या मुंबईवर १६८९ मध्ये सिद्दी याकूतच चालून आला आणि वर्षभराहून अधिक काळ इंग्रजांना किल्ल्यात कोंडून बसला, हा त्या धोरणाचा शेवट.

तीन बाजू आणि एक तोंड

कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरीचे महत्त्व पुरते सिद्ध झाले. १७१८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने त्यावर केलेली मोहीम फसली. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाला या बेटाच्या नजरेखालूनच जावे लागे आणि आंग्रे दस्तक मागत. आंग्रे चाचे होते की सार्वभौम आरमारप्रमुख, हा वाद सुरेंद्रनाथ सेन यांच्या लेखनानंतर खरे म्हणजे संपावयास हवा होता. पूर्वी पोर्तुगीजांनी ठाण्याला आणि करंजाला जे केले, तेच आंग्र्यांनी आखाताच्या बाहेरच्या दारात केले.

१७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांच्या मोहिमेने चित्र पालटले. १७३७च्या मार्चमध्ये ठाणे पडले, त्याच वर्षी उरण-करंजा आले, १७३९च्या मेमध्ये वसई आली. साष्टी, ठाणे, घारापुरी, करंजा आणि सारा पूर्व किनारा मराठ्यांचा झाला. आखाताच्या तीन बाजू एका सत्तेकडे येण्याची शिलाहारांनंतरच्या काळातील ही दुर्मिळ वेळ. मुंबईच्या इंग्रजांनी कप्तान इंचबर्डला वसईला धाडून जुलैमध्ये तह केला आणि आपल्या कोटाबाहेर खंदक खणावयास घेतला. मुंबई घेता आली असती का, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर बहुधा नादिरशहाच्या स्वारीकडे, पेशव्यांच्या उत्तरेकडील ओढीकडे वा कर्जाकडे बोट दाखवून दिले जाते. ती कारणे खरी आहेत. पण एक साधे कारण नकाशावरच आहे. चौथी बाजू, म्हणजे तोंड, तीन धन्यांत वाटलेले होते. कुलाब्याचे टोक इंग्रजांचे, खांदेरी आंग्र्यांची आणि उंदेरी सिद्दीची. त्यातही आंग्र्यांच्या घरात सेखोजींच्या मृत्यूनंतर भाऊबंदकी माजली होती. वसई जिंकणाऱ्या फौजेला समुद्राच्या बाजूने मुंबईची नाकेबंदी करील असे आरमार एका हुकुमाखाली मिळणे शक्य नव्हते.

ते पुढे कधीच मिळाले नाही. १७५६च्या फेब्रुवारीत पेशव्यांनी इंग्रजांच्या सहकार्याने तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गात नष्ट करविले. १७६० मध्ये उंदेरी मराठ्यांनी घेतली. दाराची दोन्ही बेटे प्रथमच एका पक्षाकडे आली, तेव्हा त्या दारात उभे करावयास पुरेशी जहाजे नव्हती. घाटमाथ्यावरून पाहणाऱ्या सत्तेला किल्ले दिसतात, मधले पाणी दिसत नाही. हा दोष केवळ पेशव्यांचा नव्हे. आरंभी म्हटल्याप्रमाणे आपल्या इतिहासलेखनातही तो उतरला आहे.

१७७४च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणे घेतले. त्या मोहिमेत कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. पाठोपाठ करंजा आणि घारापुरी गेली. सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी आणि पुरंदरच्या तहात पुण्याच्या कारभाऱ्यांनी वेगवेगळ्या भाषेत या भूमीचा निकाल लावला. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाची चर्चा करताना आपण महादजी शिंदे यांची मध्यस्थी आणि वसईचे परत मिळणे यांवर भर देतो. इंग्रजांनी पुष्कळ मुलूख परत केला, हे खरेच. साष्टी आणि तिच्यासोबत करंजा, घारापुरी व हॉग ही तीन लहान बेटे मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली. महसुलाच्या दृष्टीने या तीन बेटांचे मोल किरकोळ होते. १६६२ मध्ये 'बंदर' या शब्दाचा जो अर्थ पोर्तुगीजांनी नाकारला होता, तो एकशेवीस वर्षांनी इंग्रजांनी मराठ्यांकडून लिहून घेतला.

खांदेरी त्यानंतरही आंग्र्यांच्या अमलाखाली राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती इंग्रजांकडे गेली. १८६७ मध्ये त्यांनी बेटावर दीपगृह बांधले आणि ज्या तटावरून एके काळी जहाजांना दस्तक विचारले जात असे, त्याच्या आतून मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला रात्री वाट दाखविली जाऊ लागली. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे. थळच्या बंदरातून होड्या आजही तिकडे जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात.